रविवारची संध्याकाळ

(संस्थानच्या विद्यार्थी साहाय्य निधीच्या वार्षिक मेळाव्यात सभामंडपात झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन. वक्ते बरीच वर्षे सौदी अरेबियातील जुबैल येथे नोकरीला होते. सध्या ते निधीच्या पालक योजनेचे काम पाहतात. – संपादक)





मला सौदीबद्दल बोलायला सांगितले आहे. तिथे पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. ऊन किती असते, पगार किती मिळतो आणि खजूर आणले का. उन्हाचे आणि खजुराचे कधीतरी सवडीने सांगेन. पगाराचे कोणी विचारू नये आणि मी सांगू नये. आज सांगायचे आहे ते तिथल्या आपल्या लोकांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांबद्दल. आणि गंमत अशी, की ही मुले सौदीत नसतातच. ती इथे पुण्यात, आपल्या देवळाच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तीन कॉट टाकून राहत असतात.

हे कसे होते ते आधी सांगतो.

जुबैल हे पूर्वी मासे धरणाऱ्यांचे आणि मोती काढणाऱ्यांचे समुद्रकाठचे गाव. १९७५ साली सौदी सरकारने जुबैल आणि यान्बू या दोन ठिकाणांसाठी रॉयल कमिशन नेमले आणि वाळूत कारखान्यांची नगरी उभी राहिली. फिटर, वेल्डर, इन्स्ट्रुमेंटवाले, सेफ्टीवाले, इंजिनिअर असे आपल्याकडचे पुष्कळ लोक तिकडे गेले. ज्यांना कुटुंब नेण्याची परवानगी मिळाली त्यांनी बायको-मुले नेली. मुलांसाठी दम्माम, जुबैल, रियाध, जेद्दा इथे इंटरनॅशनल इंडियन स्कूल आहेत. अभ्यासक्रम सीबीएसईचा, मुलांचा विभाग वेगळा, मुलींचा वेगळा. घरात मराठी, शाळेत इंग्रजी-हिंदी, रस्त्यावर अरबी. देऊळ नाही. गणपती घरातच, दार लावून, आवाज बेताचा ठेवून. तरी मुले आनंदात वाढतात.

शाळा बारावीपर्यंत. त्यापुढे पदवीचे शिक्षण तिथे घ्यायचे, तर आपल्या मुलांना जागा फार थोड्या. धहरानचे किंग फहद विद्यापीठ मोठे नावाजलेले आहे, १९६३ साली ते कॉलेज म्हणून सुरू झाले. तांबड्या समुद्राच्या काठी थुवलला २००९ साली सुरू झालेले किंग अब्दुल्ला विद्यापीठ आहे. तिथे आपली मुले एमएस, पीएचडी करतात, विद्यावेतन मिळते, राहण्याची सोय आवारातच होते. पण ती पदवीनंतरची गोष्ट. सतरा वर्षांच्या पोराला बारावीचा निकाल हातात पडला, की बॅग भरून भारतात यावे लागते. सौदीतल्या मराठी घरात बारावीचा निकाल लागतो त्या दिवशी पेढे वाटतात, आणि आई स्वयंपाकघरात जाऊन रडते. मी हे अनेक घरांत पाहिले आहे.

मग मुलगा पुण्याला येतो. आजी-आजोबा गावाला, कोणी चिपळूणला, कोणी कराडला, कोणी जळगावला. कॉलेजच्या वसतिगृहात जागा मोजक्या. त्या गुणांप्रमाणे, प्रवर्गाप्रमाणे, पहिल्या वर्षाला आधी अशा क्रमाने भरतात. दुसऱ्या वर्षी पुष्कळांना वसतिगृह सोडावेच लागते. राहिले काय? कॉट बेसिस. पुण्यात राहून ज्याने ‘कॉट बेसिस’ हा शब्द ऐकला नाही तो पुण्यात राहिलेलाच नाही. खोली नाही, घर नाही, एक खाट भाड्याने. बाजूला लोखंडी कपाटाचा एक कप्पा. बाथरूम सहा जणांत एक. आणि महिन्याची मेस, साडेतीन-चार हजारांची.

सौदीहून आलेल्या मुलाला यात एक जास्तीचा भुर्दंड असतो. घरमालकाला कळले, की वडील आखातात आहेत, की भाडे वाढते, डिपॉझिट वाढते. त्याला वाटते तिकडे नळाला तेल येते. वडील बहुधा फिटर असतात.

आता एक हिशोब सांगतो, कारण तो इथे कोणालाच ठाऊक नसतो. १ जुलै २०१७ पासून सौदी सरकारने परदेशी नोकरदाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसावर दरमहा १०० रियाल फी बसवली. दर वर्षी ती शंभरने वाढत गेली आणि २०२० च्या जुलैत ४०० रियाल झाली. बायको आणि दोन मुले असतील तर महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रियाल. रियाल साधारण २२ रुपयांचा धरा. वर्षाला तीन लाखांच्या वर फक्त कुटुंब जवळ ठेवण्याची फी. भाडे वेगळे, शाळा वेगळी. मग काय झाले? कुटुंबेच्या कुटुंबे परत आली. आई धाकट्याला घेऊन गावाला, थोरला पुण्यात कॉटवर आणि बाप जुबैलला एकटा. एका घराच्या तीन चुली झाल्या.

आणि बापही तिथे कॉटवरच आला, बरे का. सौदीत एकट्या राहणाऱ्या पुरुषाला ‘अझाब’ म्हणतात, म्हणजे सडा. लग्न झालेले असो, चार पोरे असोत, कुटुंब सोबत नसेल तर तुम्ही अझाब. इमारतीवर पाटी असते, फक्त कुटुंबांसाठी. तिथे अझाबाला घर मिळत नाही. हॉटेलात सुद्धा एक दार कुटुंबांचे आणि एक दार एकट्या पुरुषांचे असे सक्तीचे होते, ती सक्ती २०१९ च्या डिसेंबरात उठली. पंधरा वर्षे कुटुंबाच्या दाराने आत जाणारा माणूस एके दिवशी दुसऱ्या दाराने जायला लागतो. जेवण तेच असते म्हणा.

पुण्यात आल्यावर मी एका सोसायटीच्या दाराशी पाटी वाचली: बॅचलरना जागा मिळणार नाही. मी वॉचमनला म्हटले, अरे, हे तर मी अरबीत वाचून आलोय.

मी तिथे सुरुवातीची सहा वर्षे अझाब म्हणून काढली. एका व्हिलात आम्ही अकरा जण होतो, सगळे आपल्याकडचे. तिथली एक रीत मला इथे फार उपयोगी पडली म्हणून सांगतो. फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला असे. प्रत्येकाचे नाव, रक्तगट, कोणत्या शिफ्टला, कंपनीतला एक नंबर, गावाकडचा एक नंबर, कोणते औषध चालत नाही. हा कागद एका रात्रीत आला नव्हता. आमच्या आधीच्या तुकडीतला एक जण झोपेतच गेला आणि त्याच्या गावी कोणाला कळवायचे हे खोलीत कोणालाच माहीत नव्हते. त्यानंतर तो कागद आला. शिफ्टवरून परत न आलेल्या माणसाची चौकशी दोन तासांत व्हायची. आम्ही काही एकमेकांचे जिवलग नव्हतो. कांदा कोणी संपवला यावरून भांडायचो. पण कोण घरी आले नाही हे कळत असे.

वसतिगृहात हे काम रेक्टर करतो. मुले त्याला शिव्या घालतात, तो रात्री दहाला गेट लावतो, हजेरी घेतो. पण ताप आला तर त्याला कळते. कॉट बेसिसवर रेक्टर नसतो. घरमालक पाच तारखेला उगवतो.

२०१८ च्या सप्टेंबरातली गोष्ट आहे. मी तेव्हा जुबैललाच होतो. माझ्याच प्लांटवरच्या एका सहकाऱ्याचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. तिघे मिळून एक फ्लॅट. त्या वर्षी गणेशचतुर्थी १३ तारखेला, गुरुवारी होती. बरोबरचे दोघे सोमवारी रात्रीच कोकणात गेले. याला थोडी कणकण होती म्हणून हा थांबला. मंगळवारी ताप चढला. मुलाने वडिलांना सांगितले नाही, कारण वडील काळजी करतील. मुले नेहमी असेच करतात.

त्याचा डबा एका मेसवाल्या काकूंकडून यायचा. डबा पोचवणारा पोरगा दाराच्या कडीला पिशवी अडकवायचा आणि आदल्या वेळचा रिकामा डबा न्यायचा. बुधवारी संध्याकाळी तो परत आला आणि म्हणाला, काकू, तिथले दोन डबे तसेच लटकलेत, उघडलेलेच नाहीत. काकूंकडे त्या दिवशी उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरची धांदल होती. त्या तशाच उठल्या आणि तीन जिने चढून गेल्या. दार आतून लावलेले नव्हते हे नशीब. पोरगा गादीवर पडलेला, पाणी प्यायला उठायचे त्राण नाही. डेंग्यू. दवाखान्यात नेले तेव्हा प्लेटलेट्स २८,००० वर आल्या होत्या.

दवाखान्याने आगाऊ पैसे मागितले आणि नातेवाइकाची सही मागितली. पैसे काकूंच्या यजमानांनी भरले. फॉर्मवर नाते लिहायचा रकाना होता, तिथे काकूंनी ‘मावशी’ असे लिहिले आणि सही केली.

आता तिकडचे ऐका. मुलाच्या वडिलांना गुरुवारी पहाटे फोन गेला. दम्मामहून मुंबईचे विमान चार तासांचे. पण सौदीतून बाहेर पडायला नुसते तिकीट चालत नाही, जाऊन परत येण्याचा व्हिसा लागतो. आणि त्या वेळी तो मालकाच्या संमतीशिवाय निघत नसे. २०२१ च्या मार्चमध्ये हा नियम पुष्कळांसाठी सैल झाला, तेव्हा तो नव्हता. कंपनीचा सही करणारा साहेब रजेवर. कागदपत्रे करणारा मंदूब फोन उचलेना. गुरुवार हा तिकडे आठवड्याचा शेवटचा दिवस. शुक्रवार-शनिवार सुट्टी. व्हिसा निघाला रविवारी दुपारी. बाप पुण्याला पोचला सोमवारी सकाळी. ते चार दिवस आम्ही त्याला एकटा सोडला नाही. तो जेवणाच्या सुट्टीत सुद्धा फोन हातात धरून बसायचा. इकडे काकू आणि त्यांचे यजमान आळीपाळीने दवाखान्यात. घरच्या गणपतीची पूजा त्या वर्षी दुपारी एकला झाली, असे काकूंनी मला नंतर सांगितले, तेही चुटपुट लागल्यासारखे.

मुलगा बरा झाला. आज तो नोकरीला आहे, दर चतुर्थीला काकूंकडे जातो.

मी परत आल्यावर विश्वस्तांकडे आलो ते ही गोष्ट घेऊन. मला विचारले गेले, तुमचे म्हणणे काय, मुलांना पैसे द्यायचे का? पैसेही हवेतच, त्यावर येतो. पण या मुलाकडे पैसे होते, फोन होता, विमा होता. त्याच्याकडे नव्हता तो रोज त्याच्या डब्याकडे बघणारा माणूस. तो योगायोगाने मिळाला.

पुण्याला ही गोष्ट नवी नाही. या शहरात शिकायला येणारा गरीब मुलगा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्यांना वार मिळत नसत ते माधुकरी मागत. १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह सुरू झाले, आजचे पुणे विद्यार्थी गृह, ते अशाच मुलांसाठी. १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली आणि खेड्यातून येणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. ती आजही चालू आहेत.

पण वाराचे नुसते गोडवे गाऊन भागणार नाही. तो वार सगळ्यांना मिळत नव्हता. ब्राह्मणाच्या मुलाला ब्राह्मणाच्या घरी मिळे. बाकीच्या मुलांनी काय करायचे? म्हणून तर राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढायला लावले आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी करवली. म्हणून तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींची मुले एका छपराखाली, एका पंगतीला बसवली. १९२७ साली महात्मा गांधी तिथे आले आणि त्या बोर्डिंगला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. आपण वाराची रीत परत आणतो आहोत, तर ती कर्मवीरांच्या पंगतीसारखी आणायची, हे मी पहिल्याच बैठकीत सांगितले.

त्यावर एका जुन्या भक्तांनी मला बाजूला घेऊन विचारले, खेड-दापोलीकडची मुसलमान मुलेही यात येणार का? त्यांचे वडीलही सौदीलाच असतात. प्रश्न त्यांनी सरळ विचारला, मीही सरळ उत्तर देतो. जुबैलला मला कावीळ झाली तो रमजानचा महिना होता. आमच्या व्हिलात खेड तालुक्यातले एक मुसलमान गृहस्थ होते, आम्ही त्यांना भाई म्हणत असू. स्वतःचा रोजा. पाण्याचा थेंब तोंडात नाही. आणि हा माणूस दुपारी माझ्यासाठी मऊ भात शिजवून, मेतकूट घालून, माझ्या तोंडाशी धरायचा. मीठ बरोबर आहे का हे त्याला चाखून बघता येत नव्हते, म्हणून मला विचारायचा. त्यांचा नातू उद्या पुण्यात कॉटवर आला, तर त्याचे नाव आपल्या यादीत असेल. विश्वस्त मंडळाने हे मान्य केले, याचे मला समाधान आहे.

आता कामाचे थोडे.

पालक असाल तर हे ऐका. मुलगा अठराचा झाला नसेल तर भाडेकरार त्याच्या नावाने होत नाही. वडील सौदीत असतील तर त्यांनी तिथल्या भारतीय दूतावासात किंवा जेद्दाच्या वाणिज्य दूतावासात कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवावे आणि ते इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावे. नाहीतर घरमालक म्हणतो, तोंडी करार चालेल. तोंडी करार चालू देऊ नका. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. खोली ताब्यात घेताना भिंतींचे, नळांचे, गाद्यांचे फोटो काढून ठेवा. डिपॉझिट परत मागायच्या दिवशी तेच साक्षीदार. आणि वडिलांचा अधिवासाचा दाखला आधीच काढून ठेवा. मुलाची दहावी-बारावी राज्याबाहेर झालेली असली, तरी आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असतील तर इंजिनिअरिंगला राज्याच्या कोट्यातून अर्ज करता येतो. हे जूनमध्ये कळून उपयोग नाही.

मुलींचे थोडे वेगळे आहे. सौदीत वाढलेली मुलगी शाळेच्या बसने गेलेली, बाकी सगळीकडे बापाच्या गाडीतून. २०१८ च्या जूनपर्यंत तिथे बाईने गाडी चालवायची नाही असाच नियम होता. तीच मुलगी कर्वेनगरात आली, की दोन महिन्यांत जुनी ॲक्टिव्हा घेते आणि कात्रजपर्यंत एकटी जाऊन येते. मला त्याचे फार कौतुक वाटते. आईबाप तिकडे जीव मुठीत धरून बसतात, ते वेगळे. मुलींच्या पीजीत निदान एक मावशी असते, गेटची वेळ असते. म्हणून आमच्या यादीत मुलगे जास्त आहेत.

पैशाचे सांगतो. २०१६ साली तेलाचे भाव पडले, सौदीतल्या बांधकाम कंपन्यांचे पगार महिनोन्‌महिने थकले. हजारो भारतीय कामगार अडकले, परराष्ट्र राज्यमंत्री जनरल व्ही. के. सिंह यांना तिकडे जावे लागले. त्या काळात तिथल्या छावणीत बाप उपाशी होता हे वर्तमानपत्रात आले. पुण्यात त्याच्या मुलाचे भाडे थकले होते, हे कुठे आले नाही. माझ्या ओळखीचा एक मुलगा तेव्हा तीन महिने अभ्यासिकेत झोपला. नव्या पेठेत रात्रभर उघड्या अभ्यासिका असतात. टेबलावर डोके ठेवले तर कोणी विचारत नाही. आपल्या निधीतून ‘तीन महिन्यांचे भाडे’ अशी जी मदत देतो ती नेमकी अशा अडचणीसाठी आहे. वडिलांची नोकरी गेली, पगार थकला, कोणी आजारी पडले, तर तीन महिने मुलाची खाट जाऊ नये, इतकेच. ती रक्कम थेट घरमालकाच्या खात्यात जाते. परत करायची सक्ती नाही, पण नोकरी लागल्यावर मुले करतात.

हे फक्त सौदीच्या मुलांपुरते नाही, हेही स्पष्ट करतो. यादीत बीडचा मुलगा आहे, गडचिरोलीचा आहे. सरकारची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे, ती खास वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये ठरवलेले आहेत, भोजनाला ३२,०००, राहण्याला २०,००० आणि किरकोळ खर्चाला ८,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. पण राहण्याचे २०,००० म्हणजे महिन्याला १,६६६ रुपये. एवढ्यात पुण्यात कॉट दाखवा, मी स्वतः जाऊन राहतो. शिवाय ही रक्कम उशिरा येते, आणि मेसवाला उशीर समजून घेत नाही. तेव्हा तुमच्या इमारतीत, तुमच्या कामवाल्या ताईंच्या घरात असा पात्र मुलगा-मुलगी असेल तर अर्ज भरून द्यायला आमचे कार्यकर्ते बसतात, त्यांना पाठवा. सरकारचे पैसे मिळत असतील तर ते आधी घ्यावेत, देवाचे नंतर.

आणि आता ज्यासाठी तुम्हाला बोलावले ते.

पुण्यातल्या मेस रविवारी दुपारी फीस्ट देतात, पुरी, श्रीखंड, मसालेभात. आणि रविवारी संध्याकाळी बंद असतात. हे पुण्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. सौदीत २०१३ च्या जूनपासून साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार झाली. त्याआधी गुरुवार-शुक्रवार असायची. म्हणजे बापाची सुट्टी शुक्रवारी, तेव्हा मुलगा कॉलेजात. मुलाची सुट्टी रविवारी, तेव्हा बापाचा आठवड्याचा पहिला दिवस, तो प्लांटवर, फोन लॉकरमध्ये. तिकडचे घड्याळ अडीच तास मागे. मुलगा जेवायच्या वेळी फोन करतो तेव्हा तिकडे बाप अजून बसमध्ये असतो. रविवारी संध्याकाळी सात ते दहा, या तीन तासांत त्या मुलाला ना मेस असते ना बापाचा आवाज. तो वडापाव खातो आणि मोबाईल बघत पडतो. आमच्याकडे आलेल्या मुलांना मी विचारतो, कोणता वार हवा? जवळपास सगळे एकच सांगतात.

म्हणून आपल्याला रविवारची संध्याकाळ देणारी घरे हवी आहेत. मुलाच्या खोलीपासून चालत जाता येईल इतकी जवळची. एका घराला एक मूल, फार तर दोन. दर रविवारी जमले नाही तर एक आड एक. त्या घराकडे त्या मुलाचा कागद राहील, आमच्या व्हिलातल्या फ्रिजवर होता तसाच. रक्तगट, औषधांची ॲलर्जी, आईवडिलांचे नंबर, बरोबर राहणाऱ्यांचे नंबर, विम्याच्या कार्डाची प्रत. मुलगा रविवारी आला नाही आणि फोनही आला नाही, तर सोमवारी सकाळी घरातल्या कोणीतरी जाऊन दार वाजवायचे. हे एवढेच काम आहे. जेवण हे त्यासाठीचे निमित्त आहे, असे काही जण मला म्हणाले. मला ते पटत नाही. जेवणही पाहिजेच. सहा दिवस मेसचा तोच बटाटा खाल्लेल्या पोराला घरची आमटी म्हणजे काय, ते अझाब राहिलेल्या माणसाला विचारा.

पोशाख, पुस्तके, भेटवस्तू कृपया देऊ नयेत. मुले संकोचतात आणि पुढच्या रविवारी येत नाहीत. ‘मार्क किती पडले’ हे पहिल्या महिन्यात विचारू नये. लग्नाची मुलगी घरात असेल तर तसा काही अर्थ कोणी काढू नये, मागे एकदा तसे झाले होते, पोरगा बिचारा पळाला. ज्यांना घरी बोलावणे जमत नाही, वयामुळे किंवा जागेमुळे, त्यांनी महिन्याची एक मेस द्यावी, किंवा भाड्याच्या निधीत यथाशक्ती टाकावे. पावती कार्यालयात मिळेल. निवृत्त डॉक्टर आणि नर्स मंडळींनी रात्री फोन घ्यायची तयारी दाखवली तर फार उपकार होतील, पावसाळ्यात डेंग्यूचे तेच दिवस असतात. वकील मंडळींपैकी कोणी महिन्यातून एक शनिवार भाडेकरार बघून द्यायला बसणार असेल तर टेबल-खुर्ची आपण देऊ.

नावनोंदणीचे अर्ज प्रसादाच्या खिडकीशेजारी ठेवले आहेत. त्यात एक रकाना आहे, ‘घरी मांसाहार होतो का, कांदा-लसूण चालतो का’. तो मुलांच्या सोयीसाठी नाही, नुसती माहिती म्हणून आहे. मुलांना काहीही चालते. भात मात्र जरा जास्त लावा.